रोलरच्या वाटेत

मुक्ताबाईनं खराट्याची काडी भेगेत घातली. काडी अख्खी आत गेली तरी कुठं टेकली नाही. मागच्या आठवड्यात ती निम्मीच जात होती.

कर्जतच्या बाहेर, मोठ्या रस्त्याला लागून असलेल्या मंगल कार्यालयात ती झाडलोट करायची. गेटपासून हॉलच्या पायऱ्यांपर्यंत दीडशे फुटांचा डांबरी रस्ता होता. त्याचा काळा रंग कधीच उडाला होता, खडी उघडी पडली होती. त्याचं तिला काही नव्हतं. पण पायऱ्यांच्या जरा अलीकडं बैलगाडीएवढ्या जागेत भेगांचं बारीक जाळं पडलं होतं, आणि तिथं खराटा मारला की रिकाम्या पिंपावर मारल्यासारखा आवाज यायचा.

उद्या लग्न होतं. वऱ्हाडाच्या दोन बस थेट पायऱ्यांपाशी येऊन थांबणार होत्या. म्हणून आज डांबराचा नवा थर पडत होता. गेटापासून माणसं घमेल्यानं गरम माल ओतत होती, फावड्यानं पसरत होती आणि मागून रोलर येत होता.

ती मालकांकडं गेली. काकासाहेब कानाला मोबाईल लावून मांडववाल्याशी बोलत होते.

"दादा, पायऱ्यांपाशी जरा बघता का?"

"नंतर, मुक्ताबाई." त्यांनी तिच्याकडं न बघताच हात हलवला.

मग ती डांबराच्या कामावरच्या छगन मुकादमाकडं गेली. तो तिच्याबरोबर आला, बुटानं जाळं दाबून बघितलं. डांबर किंचित खाली गेलं आणि परत वर आलं.

"खडी उघडी पडली तर वरून डांबराचा कोट चालतो," तो म्हणाला. "असं जाळं पडलं की उकरून बघायला पायजे. पोटात काहीतरी बिघडलेलं असतं. पण मालकाला उद्याला काळं करून पायजे. मी काय करू?"

तो परत गेला. मुक्ताबाई तिथंच उभी राहिली. पसरलेला माल पुढं सरकत होता. साठ फूट राहिले, मग पन्नास. रोलरवर कल्याण बसला होता, डोक्याला टॉवेल बांधून. त्याच्या घरी सहा महिन्यांची मुलगी आहे, हे सकाळी चहा पिताना त्यानंच सांगितलं होतं.

ती स्वयंपाकघराच्या मागं गेली. तिथलं भांडी धुतलेलं पाणी त्या जाळ्याखालूनच जाणाऱ्या पाइपातून पलीकडच्या चारीत पडायचं. आताही बायका मोठी पातेली घासत होत्या, पाणी धो धो पाइपात जात होतं. ती पळतच पलीकडं आली. चारी कोरडी होती. तळाचा चिखलसुद्धा वाळून फुटला होता.

हे पाणी जातंय कुठं?

चुकलं तर? उद्यासाठीचं काम तिनं अडवलं, असं होईल. काकासाहेब रागीट होते. उद्यापासून येऊ नको म्हणाले तर दुसरीकडं कोण ठेवून घेणार तिला? ती पुन्हा रस्त्यावर आली. जाळ्यावर माल पडला होता. गरम, काळा, गुळगुळीत. आता तिथं काही दिसतच नव्हतं. आणि रोलर दहा पावलांवर होता.

ती त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

कल्याणनं ब्रेक मारला. "ओ मावशी! मरायचंय का?"

"खाली उतर आधी."

काकासाहेब मोबाईल हातात धरून धावत आले. "काय लावलंय हे? सरका बाजूला!"

"न्हाई सरकत." तिनं चारीकडं बोट केलं. "भांड्यांचं पानी चारीत येत न्हाई, दादा. इकडून आत जातंय, तिकडून भाईर येत न्हाई. ते हितंच मुरतंय, ह्याच्या पोटात. माती ऱ्हायली न्हाई खाली."

"तुला काय कळतं त्यातलं?"

ती जागची हलली नाही. छगननं एकदा मालकाकडं बघितलं, मग कडेची पहार उचलली, जाळं होतं त्या जागेच्या काठावर उभा राहिला आणि दोन्ही हातांनी पहार खाली मारली.

पहार त्याच्या हातातून निसटली. डांबरात घुसली आणि दिसेनाशी झाली. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग खालून पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला.

"मागं व्हा! सगळे मागं व्हा!" छगन ओरडला.

भोकाभोवतीचं डांबर हळूहळू आत वळलं आणि एकदम खचलं. खाली खोलीएवढी पोकळी होती. फुटलेला पाइप एका बाजूनं लोंबत होता, त्यातून पाणी गळत होतं.

कल्याण रोलरवरून उतरला, भिंतीकडं गेला आणि गुडघ्यात डोकं घालून बसला. काकासाहेबांच्या मोबाईलमधून मांडववाला "हॅलो, हॅलो" करत होता. त्यांनी तो कानाला लावला नाही.

दुसऱ्या दिवशी बस मोठ्या रस्त्यावरच थांबल्या. खड्ड्याच्या चारी बाजूंना बांबू बांधले होते. छगननं ठोकून ठोकून घट्ट जमीन शोधली होती आणि भिंतीच्या कडेनं फक्कीची पांढरी रेघ ओढून वाट आखून दिली होती. वाजंत्री गेटातच अडली. मागं नवरदेव, करवल्या, म्हातारी माणसं, कडेवरची पोरं. रेघेपाशी येऊन सगळे थबकले. पुढं पाऊल कुणी टाकेना.

वऱ्हाडाला घ्यायला गेटापर्यंत गेलेले काकासाहेब फेटा बांधून सगळ्यांच्या पुढं होते. त्यांनी पांढरी रेघ बघितली, छगनकडं बघितलं. मग पलीकडं खराटा घेऊन उभ्या असलेल्या मुक्ताबाईला हाक मारली.

"मुक्ताबाई, इथून जाऊ का?"

तिनं खराटा भिंतीला टेकवला. रेघेवरून चालत त्यांच्यापर्यंत आली. येताना प्रत्येक पावलाला टाच आपटत होती आणि मान वाकडी करून ऐकत होती.

"या," ती म्हणाली आणि वळून पुढं चालू लागली.

तिच्या मागं काकासाहेब निघाले, त्यांच्या मागं नवरदेव आणि मग सगळं वऱ्हाड. वाजंत्री वाजायची थांबली होती. मुक्ताबाई जिथं पाय ठेवत होती, बरोबर तिथंच पाय ठेवत सगळे पायऱ्यांकडं चालले होते.