वळणावरचा हॉर्न

“अण्णा, बसा स्टिअरिंगवर. पहिला मान तुमचा!” पराग म्हणाला. भंगारात निघालेली ती जुनी एसटी त्याने आणि त्याच्या मित्रांनी वर्षभर रविवारी खपून पुन्हा उभी केली होती. एकेकाळी अण्णा ती याच रस्त्यावर चालवत. नवा हॉर्न त्यांनी लावू दिला नव्हता. जुनाच दुरुस्त करायला लावला.

“तूच चालव. पिंपळाच्या वळणावर हॉर्न दे. मी घरी थांबतो.”

“वा! वरात निघाली आणि नवरदेव घरी!”

अण्णा हसले नाहीत. त्या वळणावर त्यांनी हॉर्न दिला की बस दारापाशी येईतो त्यांची बायको यमुना चहाचा पेला घेऊन रस्त्यावर उभी असायची. तिला हॉर्न कसा ऐकू येतो, हे त्यांनी कधी विचारलं नाही. दिवाळीत ती गेली.

ते स्वयंपाकघरात तिच्या जागी उभे राहिले. दुरून हॉर्न आला. इतका बारीक, की कान देऊन वाट पाहणाऱ्यालाच ऐकू यावा.

त्यांनी ओटा घट्ट धरला. मग आधण ठेवलं.

बस दारापाशी आली, तेव्हा अण्णा पेला घेऊन रस्त्यावर उभे होते.