उरलेली गोळी

साड्यांच्या घड्या घालून विमलची पाठ आखडली, तेव्हा पांडेसऱ्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या देताना बजावलं, "झोप येते हिने. घेतली की घरीच पडून राहायचं."

पुढच्याच आठवड्यात तिच्या नवऱ्याची, निंबाची पाठ धरली. त्याचे हाल बघवेनात, म्हणून कामावर निघताना तिने उरलेली गोळी त्याच्या हातावर ठेवली. "घ्या, मला हिनेच आराम पडला." झोपेचं सांगायचं मात्र राहून गेलं.

दुपारी कारखान्यात लूमवर कापड विणताना निंबाला डुलकी लागली आणि उजवा हात यंत्राच्या पट्ट्यात गेला.

गोळीचं कळताच इस्पितळातले डॉक्टर खवळले, "दिली कुणी?"

विमलने तोंड उघडायच्या आत निंबा म्हणाला, "मीच दुकानातून आणली, साहेब. हिला काहीच ठाऊक नाही."