कडुलिंबाची काडी

"एक दात नाही तोंडात, अन् काडी कायले पाहिजे, बाबा?" पुष्पानं हसत विचारलं.

"काम हाये," भिवाजी म्हणाला आणि त्यानं हात पुढंच ठेवला.

तिगाव रस्त्यावरच्या वृद्धाश्रमात पुष्पा संध्याकाळी घरी निघताना उद्याच्या कडुलिंबाच्या काड्या वाटायची. त्यात पहिला हात रोज भिवाजीचा. पंचाहत्तरीचा म्हातारा, तोंडाचं पार बोळकं झालेलं. दात आहेत तर चणे नाहीत, ही म्हण तिनं ऐकली होती; दात नाहीत तरी काडी हवी, हे मात्र नवीनच होतं. जन्माची सवय आहे, सुटत नसेल, असं म्हणून तिनं काडी दिली.

तिला काळजी होती ती भिवाजीच्या शेजारच्या खाटेची. तिथं भगवंतराव होते, मोहगावचे मोठे बागाईतदार. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू नेली आणि वाचाही नेली. ज्यांच्या एका हाकेनं अर्धं मोहगाव चपापायचं, त्यांच्याकडे बोलायला आता फक्त दात उरले होते. ते ऐंशीव्या वर्षीही शाबूत होते. भिवाजीही मोहगावचाच. भगवंतरावांच्या बाजूची खाट रिकामी झाली तेव्हा त्यानं ती मागून घेतली होती. गाववाला म्हणून घेतली असेल, असं सगळ्यांनी धरलं.

भगवंतरावांचा घास लुळ्या गालात अडकून राहायचा आणि तिथंच कुजायचा. डॉक्टरांनी पुष्पाला बजावलं होतं, की ही घाण छातीत उतरते. थंडीत दोनदा ताप येऊन गेला, तिसरा यांना झेपणार नाही. तोंड रोज साफ झालंच पाहिजे. पुष्पानं बोटाला फडकं गुंडाळलं, मिठाच्या पाण्यात बुडवलं आणि बोट आत घातलं. भगवंतरावांनी ते असं चावलं की दोन टाके पडले. व्यवस्थापक मुकुंदराव म्हणाले, सोडून दे, तुझं बोट जाईल आणि त्यांची खोड राहील.

पुष्पा सोडून देणाऱ्यातली नव्हती. ती रोज फडकं घेऊन गेली आणि रोज तो जबडा घट्ट मिटलेला. हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत मरणार आणि आपल्याला काही करता येणार नाही, या विचारानं तिला घरी जेवण जात नसे.

महिन्यानं डॉक्टर आले. त्यांनी भगवंतरावांचा जबडा दाबून उघडला आणि आत बॅटरी मारली. पुष्पा मान खाली घालून उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, गाल आतून स्वच्छ आहे, हिरड्या चांगल्या आहेत, शाबास. मुकुंदरावांनी तिला गप्प राहायची खूण केली. पण फुकटची शाबासकी पुष्पाला पचणारी नव्हती. महिनाभरात माझं बोट या दातांच्या आत गेलेलं नाही, असं तिनं सरळ सांगून टाकलं.

मग हे काम करतं कोण?

दुसऱ्या दिवशी ती सातऐवजी साडेपाचलाच आली. दारातूनच तिला दिसलं. भिवाजी खाली बसून काडीचं टोक दगडानं ठेचत होता. टोक कापसासारखं मऊ झालं तसा तो उठला. त्यानं भगवंतरावांना कुशीवर वळवलं, गालाखाली वाटी धरली आणि एकच शब्द बोलला. तो तिला ऐकू आला नाही. पण भगवंतरावांचं तोंड उघडलं. भिवाजीनं हलक्या हातानं उजवा गाल साफ केला. आत कालच्या संत्र्याचा चोथा होता.

पुष्पा जवळ गेली. "तुम्हाले कसे चावत नाही, बाबा?"

भिवाजी दचकला नाही. चोथा वाटीत झटकत तो बोलू लागला.

"मी यांच्याच घरी सालदार होतो, पोरी. छप्पनच्या साली दीक्षा घेऊन नागपुरावरून आलो. आठ दिवसांनी याचा बैल मेला. ओढून ने, म्हणे. मी म्हटलं, आता मेलेलं ढोर ओढणार नाही. यानं तोंडावर काठी हाणली. समोरचे दोन दात तिथंच पडले. तोंड बंद ठेव, म्हणे."

पुष्पानं खाटेकडे पाहिलं. भगवंतराव सगळं ऐकत होते. कान त्यांचे चांगले होते. त्यांनी ओठ मिटून घेतले होते.

भिवाजीनं काडी पाण्यात धुतली आणि पुन्हा पुढं केली.

"डावी बाजू राहिली," तो म्हणाला. "उघड."

भगवंतरावांनी तोंड उघडलं.