भरल्या घराचा राउटर

"घरात खूप डिव्हायसेस असणार आहेत, आई. साधा राउटर पुरणार नाही," परगावाहून मुलाचा फोन आला आणि मी हरखलेच. त्याचा लॅपटॉप, सुनेचा लॅपटॉप, नातवंडांचे टॅब. म्हणजे सगळे माझ्याकडे राहायला येणार! दुकानदाराने स्वस्तातला दाखवला, तर मी त्यालाच झापलं, "अहो, भरलं घर आहे माझं. कोपऱ्याकोपऱ्यात रेंज पोचेल असा द्या." ह्यांचं जुनं टेबल पुसून खिडकीपाशी ओढलं, मुलाला कामाला बसायला. आज वायफायवाला आला. राउटर जोडून पिशवीतून कॅमेरे काढू लागला. "हे कुणी मागवले?" "तुमच्या मुलाने. स्वयंपाकघरात, हॉलमध्ये, पलंगासमोर. तुम्ही एकट्या असता, तिकडून लक्ष राहील." मी टेबलाआड मटकन बसले. भिंतीवर हिरवा दिवा लागला आणि कॅमेऱ्यातून मुलाचा आवाज आला, "आई, ते टेबल मधे येतंय. काढून टाक. तू दिसत नाहीस."