टोकावरचा फोटो

"साहेब, अजून जरा टोकाला! फोटोत लाटा आल्या पाहिजेत!"

जावईबापू सेल्फी स्टिक उंच धरून ओरडत होते. परदेशातला तो समुद्रकाठ म्हणजे नुसते काळे उभे कडे, खाली खवळलेलं पाणी आणि वर टोपी उडवणारा वारा. पण जावईबापूंना समुद्र दिसतोय कशाला! बढतीची यादी पुढच्या महिन्यात लागायची होती. म्हणून तर साहेबांच्या सहलीत हे सहकुटुंब घुसले होते. सकाळपासून साहेबांना ऊन लागलं की टोपी, वारा लागला की मफलर आणि साहेबांनी विनोद केला की हसू, सगळं हजर. आता चार वर्षांच्या पिल्लूलाही साहेबांच्या पायाशी बसवलं होतं. फोटो गोंडस यावा म्हणून.

सासरे आपल्या लेकीजवळ, जरा मागे उभे होते. तिच्याच हट्टाने ते आले होते. निघताना जावईबापूंनी बजावलं होतं, "बाबा, साहेबांपुढे दगडखाणीचा विषय नको हं." म्हातारा चार दिवस मुका होता. चाळीस वर्षं खाणीत काढलेला माणूस, समोर एवढा दगड पसरलेला, आणि बोलायची चोरी!

हात शिवशिवले म्हणून त्यांनी काठी खडकावर आपटली. आवाज भद्द आला. धड खडक खणखणीत वाजतो. पुन्हा आपटली. भद्दच. खाली वाकून पाहिलं, तर बोटभर रुंद भेग टोकाला आडवी कापत गेलेली.

"मागे फिरा!" ते ओरडले. "खडक सुटलाय! पोराला घेऊन या आधी!"

साहेब पांढरेफटक पडले. जावईबापूंनी स्टिक फेकली, झेप घेतली आणि पकडला तो साहेबांचा हात. "सांभाळून साहेब. पाय इथे ठेवा. माझ्या खांद्याला धरा." साहेबांना अगदी अलगद अलीकडे आणलं. वर त्यांच्या पँटवरची धूळही झटकली. पिल्लू तिकडे टोकावर "बाबा, बाबा" करत रडत होतं.

"तू थांब, मी जातो," म्हातारा म्हणेपर्यंत लेक धावली होती. पोराला छातीशी धरून ती परत आली.

सगळे श्वास रोखून खडकाकडे बघत राहिले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. खडक ढिम्म. एक खडा हलेल तर शपथ.

"तुमचे सासरे भलतेच घाबरट बुवा!" साहेब हसले. जावईबापू त्यांच्याहून मोठ्याने हसले. "वय झालंय हो, साहेब. चला, फोटो राहिलाच." आणि दोघं पुन्हा टोकाकडे निघाले.

तिघं गाडीत येऊन बसल्यावर म्हाताऱ्याची मान वर होईना. "पोरी, माझा अंदाज चुकला गं. चारचौघांत तुझ्या नवऱ्याची उगाच शोभा झाली."

लेक मांडीवर झोपलेल्या पिल्लूचे गाल पुसत होती.

"तुमचा नाही बाबा, माझा चुकला," ती म्हणाली. "विमानातून उतरलं की मी आणि पिल्लू तुमच्याकडे येतोय. राहायला."