झिजलेला पिस्टन

“पिस्टन पार झिजलाय. बदलल्याशिवाय मी सुरू होणार नाही,” मोटरसायकल म्हणाली. हल्ली सगळ्याच गाड्या आपली दुरुस्ती आपणच ठरवत.

नर्स सुलभा मडावी दमून तिच्या शेजारीच बसली. मांडीवर सर्पदंशाच्या इंजेक्शनांचा डबा होता.

“नवा पिस्टन यायला आठवडा लागेल. पाड्यावरच्या एका बाईला आत्ताच साप चावलाय. आता तूच ठरव.”

गाडीने हेडलाइट लावला. “पोहोचवेन. पण इंजिन कायमचं जाईल.”

“चल.”

चढावर धूर निघू लागला. पाड्याच्या तोंडाशी इंजिन जाम झालं. सुलभा डबा घेऊन धावली.

संध्याकाळी बाईने डोळे उघडून पाणी मागितलं.

“सिस्टर, तुमची गाडी?” तिच्या सासूने विचारलं.

“ती नाही येणार आता,” म्हणत सुलभा पायीच परत निघाली.