सुषमाच्या नावावर

सुषमाने अंगठा पदराला पुसला आणि पुन्हा मशीनवर टेकवला. पुन्हा लाल दिवा.

"नहीं आ रहा, बेन," इच्छापोरच्या शिवणकामाच्या कारखान्यातला गेटवरचा माणूस म्हणाला. "और मोबाइल नंबर भी बदला हुआ है. ओटीपी दूसरे किसी के फोन पे जा रहा है."

"नंबर तर आमच्या ह्यांचा हाय."

"था. पिछले महीने बदल गया. किसी ने आपका आधार उड़ाया है. सोमवार तक ठीक करवा लो, नहीं तो जगह दूसरी को देनी पड़ेगी."

लाल दिव्याचं तिला नवल नव्हतं. पांडेसऱ्याच्या एका खोलीत बसून ती वर्षानुवर्षं साड्यांवर खडे चिकटवत होती. डिंकाने बोटं झिजली, असं सगळे म्हणायचे. रेशनच्या दुकानातही तिचा अंगठा कधी लागला नव्हता. तिथे ओटीपीवर भागायचं. ओटीपी यायचा नवऱ्याच्या, योगराजच्या फोनवर. आधार कार्ड योगराजच्या पेटीत आणि पेटीची किल्ली योगराजच्या करगोट्याला. या नोकरीसाठी तिने रेशनचं निमित्त काढून कार्डाची झेरॉक्स तेवढी मागून घेतली होती, त्यातही फोटोच्या जागी नुसता काळा डाग.

योगराज तिला मारत नव्हता, हे खरं. फक्त कुठे जाऊ देत नव्हता. "तुले काय कमी शे आठे?" असं विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता पाठ फिरवायचा. हिंगोलीकडून लग्न होऊन ती इतक्या लांब आली होती आणि माहेर म्हणावं असं आता तिकडे कुणी उरलं नव्हतं. कारखान्याची बस नाक्यावर यायची, पगार स्वतःच्या खात्यात पडायचा. या खोलीतून बाहेर पडायला तिला तेवढी एकच वाट दिसत होती आणि ती वाट कुणीतरी अडवून बसलं होतं.

संध्याकाळी तिने धीर करून योगराजला सगळं सांगून टाकलं. नोकरीचं ऐकून तो घर डोक्यावर घेईल अशी तिची खात्री होती. पण नोकरीबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही.

"नंबर कोनी बदला?" एवढंच त्याने विचारलं.

"ते मला काय ठाऊक? उद्या पोलिसात जाते."

"पोलिसना भानगडमा पडू नको. राहू दे तसंच."

"आन् चोराला मोकळं सोडायचं?"

"नको म्हनं ना!"

तो अर्ध्या ताटावरून उठला. सुषमाला त्याचा भयंकर राग आला. बायकोचं नाव कुणी पळवून नेतंय आणि या गृहस्थाला आपली बायको घराबाहेर पडू नये याचीच काळजी!

शेजारच्या वर्षाला फोनमधलं सगळं कळायचं. तिने आधी सुषमाच्या आधारला कुलूप लावायचा प्रयत्न केला, म्हणजे तिच्या नावावर दुसऱ्या कुणाला काही करता येऊ नये. फोनने ओटीपी मागितला. ओटीपी गेला नव्या नंबरवर.

"घ्या!" वर्षा म्हणाली. "चोराला अडवायचं तर चोराचीच परवानगी काढायची."

दोघी हसल्या. मग सुषमा हसता हसता रडायलाच लागली. वर्षाने तिच्या हाताला धरून तिला उठवलं, सायबर मदतीच्या नंबरवर तक्रार नोंदवली आणि दुसऱ्या दिवशी योगराज कामावर गेल्यावर तिला थेट पोलीस ठाण्यात नेलं.

तिथल्या हवालदारबाईंनी शोध घेऊन नवा नंबर काढला आणि फोन लावला. पलीकडे एक बाई बोलली. घाबरणं नाही, फोन आपटणं नाही. कडोदऱ्याला लूमवर कामाला आहे म्हणाली, येते म्हणाली.

आणि शनिवारी खरंच आली. सुषमापेक्षा चार-सहा वर्षांनी मोठी असावी. केसांत कापसाची कुसळं अडकलेली, हातात रिकामी कापडी पिशवी. सुषमाने रात्रभर शिव्या जमवून ठेवल्या होत्या, त्या तिला बघताच सुटल्या.

"लाज नाही वाटत? माझ्या नावावर जगतीस?"

बाई सुषमाकडे नुसती बघत राहिली.

"नंबर तमे बदल्यो?" हवालदारबाईंनी दरडावलं.

"हा, मीच बदला. नवं कार्ड काढाले गयथू, तर मशीन म्हने तुनं कार्ड शेच."

"अंगूठो मूको."

बाईने आधार केंद्रातून मागवलेल्या मशीनवर अंगठा टेकवला. हिरवा दिवा लागला.

हवालदारबाईंनी पडद्यावरचा फोटो पाहिला. मग सुषमाकडे पाहिलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

"तिनं मशीनला काहीतरी केलंय!" सुषमा ओरडली. वर्षा तिला आवरत होती, पण ती आवरेना. "माझं नाव हाय ते, बाई! घर त्यांचं, पेटी त्यांची, फोन त्यांचा. एवढं एक नाव माझं हाय, ते तरी ठेवा माझ्याकडं!"

त्या बाईने पिशवी बाकावर ठेवली, जवळ येऊन सुषमाचे दोन्ही हात हातात घेतले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली,

"रडू नको, बहीन. लगीनमा माले बी योगराजनीच सुषमा नाव दिन्हं व्हतं. तुनं माहेरनं नाव काय शे?"